घारापुरीचें बेट



दारव्ह्याकडील माणसाला 'बेट' म्हटलें कीं प्रथम आठवतें तें वेळूचें बेट. चारी बाजूंस खारें पाणी आणि मध्यें जमीन, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आम्ही भूगोलाच्या पुस्तकांत शिकलों. तसा आमच्या मुलखाचा आणि मुंबईच्या बंदराचा संबंध जुना आहे. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी जी अरुंद रुळांची गाडी सारा वऱ्हाड 'शकुंतला' या नांवानें ओळखतो, तिच्या वाटेवर दारव्ह्याचें स्थानक होतें. कापसाच्या गांठी तेथून मूर्तिजापुरास, मूर्तिजापुराहून मुंबईस आणि पुढें जहाजानें विलायतेस जात. ती गाडी आतां बंद पडली आहे. पण ज्या बंदरांतून आमचा कापूस गेला, त्याच बंदरांत, अपोलो बंदराच्या धक्क्यापासून बोटीनें तासाभराच्या अंतरावर, घारापुरीचें बेट आहे. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आमच्याकडील कुटुंबें मुंबईस गेलीं म्हणजे बहुधा घारापुरीस जातात. पायऱ्या चढून वर जावें, त्रिमूर्तीपुढें उभें राहून छायाचित्र घ्यावें आणि मिळेल त्या बोटीनें परतावें, असा क्रम असतो. पंढरीस जाऊन चंद्रभागेंत पाय धुऊन परत येण्यासारखाच हा प्रकार! या बेटावर जें आहे तें तर नीट पाहावेंच. पण तेथून जें नाहींसें झालें आहे, त्याचीही ओळख करून घेतल्याखेरीज घारापुरी कळत नाहीं.

पहिलें उदाहरण हत्तीचें. पोर्तुगीजांच्या ताब्यांत हें बेट १५३४ सालीं आलें. उतरण्याच्या जागेजवळ त्यांना एक प्रचंड दगडी हत्ती दिसला आणि त्यावरून त्यांनीं बेटाचें नांव 'एलिफंटा' ठेवलें. १८१४ सालीं त्या हत्तीचें डोकें व मान गळून पडली. पुढें १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेंत आणून टाकले व १९१४ मध्यें पुन्हां जोडले. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा आहे. म्हणजे ज्याच्यावरून बेटास नांव पडलें तो बेटावर नाहीं! माझी सूचना अशी कीं, घारापुरीची यात्रा भायखळ्यापासूनच सुरू करावी. मुलांना आधीं हत्ती दाखवावा आणि मग त्याचें घर.

दुसरी हानि याहून मोठी आहे. लेण्याच्या दाराशीं एक शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडण्यांत आला, तेथें तो कोणासही वाचतां आला नाहीं, असें दिओगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. पुढें तो दगड हरवला. त्यामुळें हें लेणें कोणीं कोरविलें हें निश्चयानें सांगणारा शब्द आज उरला नाहीं. बहुतेक विद्वान तें सहाव्या शतकाच्या मध्याचें मानतात आणि कलचुरी राजा कृष्णराज याच्याशीं त्याचा संबंध जोडतात. त्याचीं नाणीं या बेटावर सांपडलीं, हा त्यांचा एक आधार.

आतां प्रत्यक्ष लेण्याकडे वळूं. आमच्याकडे विहीर खणतांना जो काळा पाषाण लागतो आणि पहारीची धार बोथट करतो, त्याच जातीचा हा पाषाण. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर यवतमाळाकडून थेट या समुद्रापर्यंत पसरले आहेत. आपण त्यांत पाण्यासाठीं खोल जातों. त्या कारागिरांनीं त्यांत आडवें शिरून देवालय मोकळें केलें. खांब येथें उभारलेला नाहीं. भोंवतालचा दगड काढून टाकला आणि खांब शिल्लक ठेवला. एक घाव चुकला तर बदलीस दुसरा चिरा नाहीं.

आज आपण उत्तरेकडून आंत जातों, म्हणून समोर दक्षिणेच्या भिंतींत ती सुमारें १८ फूट उंचीची त्रिमूर्ति दिसते. लोक तिला ब्रह्मा, विष्णु, महेश म्हणतात. अभ्यासकांच्या मतें तीं एकट्या सदाशिवाचींच मुखें होत. आपल्या डावीकडचें मुख उग्र, मिशांचें, हातांत सर्प असलेलें. उजवीकडचें कोमल, हातांत कमळ. मधलें मिटल्या डोळ्यांचें. पण चार दारांचा शिवलिंगाचा गाभारा आहे उजव्या हातास, पश्चिमेकडे. यावरून मुळांत देवदर्शनाची वाट पूर्वेकडून असावी असें वाटतें. तेव्हां सकाळची पहिली बोट धरावी आणि पूर्वेच्या बाजूस उभें राहून गाभाऱ्याकडे पाहावें. तिरप्या उजेडांत सारें लेणें निराळें भासतें. त्रिमूर्तीच्या दोन्ही बाजूंस अर्धनारीश्वर व गंगाधर आहेत. गाभाऱ्याजवळच्या विवाहप्रसंगांतली पार्वती मात्र चुकवूं नये. पाषाणांत लाज कशी दाखवावी हें ज्यानें जाणलें, त्याचें नांवही आपणांस ठाऊक नाहीं.

मूर्तींचे हातपाय बरेच भंगलेले आहेत. पोर्तुगीज शिपायांनीं नेमबाजीसाठीं त्यांचा उपयोग केला अशी वदंता आहे. दगडांतून झिरपणाऱ्या पाण्यानेंही झीज केली आहे.

वेळ असल्यास टेकडीच्या माथ्यावर जावें. तेथें दोन मोठ्या तोफा आहेत. पूर्वेकडील दुसऱ्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. बेटावर रोमन धाटणीच्या सुरयांचे तुकडेही मिळाले, म्हणजे लेण्याच्या आधींपासून येथें दूरदेशींचीं गलबतें लागत होतीं. आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वस्त्यांतून लोक राहतात, हें पुष्कळ प्रवाशांच्या ध्यानींही येत नाहीं. मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर लखलखत असतां या लोकांना समुद्रतळाच्या तारेनें वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारींत!

निघण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सोमवारीं लेणीं बंद असतात. शंकराचा वार म्हणून मुद्दाम सोमवार धरून आम्ही घरचीं पांच माणसें रात्रभर प्रवास करून बंदरावर पोहोंचलों होतों. तो दिवस मग भायखळ्याच्या हत्तीपाशींच घालविला.