लाल हातपंपांची वस्ती

भोपाळ म्हटलं की १९८४ च्या डिसेंबरातली विषारी वायुगळतीची ती रात्र आठवते. वायू विरून गेला, पण युनियन कार्बाइडच्या कारखान्याचा घातक कचरा तिथेच राहिला. कारखाना चालू होता तेव्हापासूनच तो आवारात टाकला जाई, सांडपाणी बाहेरच्या तळ्यांत सोडलं जाई. पावसाळ्यागणिक ही रसायनं झिरपत भूजलात उतरली. शेजारच्या वस्त्यांतल्या हातपंपांना पुढे लाल रंग फासला गेला, म्हणजे हे पाणी पिऊ नका. दुसरं पाणी कुठे होतं? बायका त्याच पंपावर हंडे भरत राहिल्या. आणि पाणी उकळल्याने जंतू मरतात, त्यातलं शिसं किंवा पारा जात नाही. स्वच्छ पाण्यासाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

आधार दिला तो जवळच्याच माणसांनी. १९९६ मध्ये ‘संभावना’ हा मोफत दवाखाना सुरू झाला. वायुपीडित रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी त्यांना मिळालेल्या गोल्डमन पर्यावरण पुरस्काराच्या रकमेतून अपंग मुलांसाठी ‘चिंगारी’ ट्रस्ट उभा केला. पुरस्काराचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

२०२५ च्या जानेवारीत कारखान्यातला ३३७ टन कचरा पीथमपूरला हलवला आणि नंतर जाळला. जमिनीत मुरलेला कचरा त्यात नव्हता.