शेअरबाजाराचा वर्णपट

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहू. एक फासा शंभर वेळा टाकायचा आणि पडलेले आकडे क्रमाने फळ्यावर लिहायचे. मग पहिल्या दहा आकड्यांची बेरीज, नंतर दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंतची, अशा ९१ बेरजा करून आलेखकागदावर मांडायच्या. चढउताराच्या ठळक लाटा दिसू लागतात. मूळ आकड्यांत मात्र लाट नव्हतीच! लागोपाठच्या दोन बेरजांत नऊ आकडे सामाईक असल्याने त्या एकमेकींपासून फार दूर जात नाहीत, एवढेच. रशियन गणिती येवगेनी स्लुत्स्की यांनी १९२७ मध्ये सोडतीत निघालेल्या आकड्यांच्या अशाच बेरजा केल्या. त्यांचा आलेख एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या व्यापारातील तेजीमंदीच्या आलेखाशी चकित करण्याइतका जुळला.

शेअरबाजाराचा आलेख पाहताना आपले डोळे असेच फसू शकतात. आजचा भाव म्हणजे आजवरच्या सर्व चढउतारांची बेरीजच तर असते. म्हणून लाट खरी की बेरजेतून आलेली, हे तपासायला रोजचे बदल घ्यावे लागतात आणि त्यांचा वर्णपट काढावा लागतो. लोलकातून गेलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे होतात, तशा आकड्यांच्या मालिकेतील मंद आणि जलद लहरी गणिताने वेगळ्या करता येतात. फ्रेंच गणिती फूरिए यांची ही देणगी. हार्मोनियमच्या एका सुराच्या वर्णपटात ठरावीक जागी उंच सुळके दिसतात. फाशाच्या मूळ आकड्यांचा वर्णपट साधारण सपाट असतो. १९६३ मध्ये ग्रेंजर आणि मॉर्गेनस्टर्न यांनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचे असे विश्लेषण केले. बदलांचा वर्णपट जवळजवळ सपाट निघाला.

पुढे न्यूरल नेटवर्क आले. आलेल्या आकड्यांना कमीअधिक वजन देऊन बेरीज करणाऱ्या छोट्या घटकांचे हे जाळे. उत्तर चुकले की वजने किंचित बदलायची, असे हजारो वेळा करायचे. अर्थशास्त्रज्ञ हॅल्बर्ट व्हाइट यांनी १९८८ मध्ये आयबीएमच्या शेअरमधील पाच दिवसांचे बदल जाळ्याला देऊन सहाव्या दिवसाचा बदल विचारला. शिकवलेल्या दिवसांवर उत्तरे काही प्रमाणात जुळली; न दाखवलेल्या दिवसांवर जुळणी जवळजवळ शून्य. जुन्या प्रश्नपत्रिका पाठ करून बसलेला विद्यार्थी आपल्या ओळखीचाच आहे.

मग हाती काहीच लागत नाही का? लागते, पण प्रश्न बदलावा लागतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाउ जोन्स निर्देशांक २२.६ टक्के कोसळला. दुसऱ्या दिवशी तो ५.९ टक्के चढला, तिसऱ्या दिवशी १०.१ टक्के चढला आणि २६ तारखेला पुन्हा ८ टक्के घसरला. एरवी बहुतेक दिवशी तो एक टक्काही हलत नाही. उणे-अधिक चिन्हे पुसून हे आकडे पाहा. दिशा कळत नाही, पण खळबळ टिकून राहिलेली स्पष्ट दिसते. मोठ्या बदलामागून मोठा बदल येतो, हे मँडेलब्रॉ यांनी कापसाच्या भावांवरील १९६३ च्या लेखातच नोंदवले होते. चिन्हरहित बदलांचा वर्णपट सपाट नसतो. त्यात मंद लहरींचे वजन जास्त असते.

बाजाराची 'अवस्था' म्हणतात ती ही: शांत किंवा खवळलेली. गेल्या काही दिवसांच्या चिन्हरहित बदलांचा वर्णपट जाळ्याला द्यायचा आणि अवस्था विचारायची. हे काम ते बऱ्यापैकी करू शकते. मात्र शिकवताना कोणते दिवस 'खवळलेले' म्हणायचे, ते माणसानेच ठरवलेले असते. शिवाय १९८७ सारखी उदाहरणे इतकी थोडी की जाळ्याला सराव मिळणार तरी किती! आम्हाला सर्वांत अवघड वाटते ती दिवसांची निवड. ६४ दिवस घेतले तर त्याहून लांब लहर नीट दिसतच नाही. ५०० घेतले तर त्यांत शांत आणि खवळलेले दिवस एकत्र मिसळतात आणि अवस्था बदलल्याचे कळेपर्यंत बरेच आठवडे उलटून गेलेले असतात.