कुंडीतील वाफसा : घराबाहेरील कुंड्यांचे पाणी व निचरा (विशेष संदर्भ : रिसोड परिसर)

बीजशब्द : कुंडी, निचरा, वाफसा, काळी माती

प्रस्तावना :
रिसोड हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या येथील शेतकऱ्यास वाफसा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाऊस उघडल्यानंतर जमिनीत ओल राहते, परंतु मातीच्या पोकळ्यांत हवाही शिरते; ही अवस्था आल्याशिवाय पेरणी वा डवरणी केली जात नाही. मात्र अंगणातील व गच्चीवरील कुंड्यांबाबत हा विचार क्वचितच होतो. कुंडीतील वाफसा का बिघडतो व तो कसा राखावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

काळी माती कुंडीत :
परिसरात सहज मिळते ती शेतातील काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट वर्गातील चिकणमाती अधिक असल्याने ती ओलाव्याने फुगते व सुकल्यावर आकसते. उन्हाळ्यात आकसलेली माती कुंडीच्या भिंतीपासून सुटते. ओतलेले पाणी त्या फटीतून थेट छिद्राबाहेर जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. खालून पाणी आले म्हणजे झाड भिजले, हा समज येथे फसवा ठरतो.

पावसाळ्यात नेमके उलट घडते. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि पाण्यातून त्याचे विसरण हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट मंद असते. मुळे गुदमरून सडू लागतात, त्यामुळे ती पाणी शोषू शकत नाहीत व पाने मलूल होतात. हे लक्षण तहानेसारखेच दिसत असल्याने आणखी पाणी घातले जाते. भर पावसाळ्यात तुळस दगावते ती अनेकदा अशी.

तळाच्या खडीविषयी :
निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर द्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. भिजलेला स्पंज आडवा धरल्यास काही वेळाने ठिबकणे थांबते. तोच उभा धरताच पुन्हा पाणी गळते. स्पंजाच्या तळाशी ठरावीक उंचीचा चिंब पट्टा राहतोच. कुंडीतील मातीचेही असेच आहे. पट्ट्याची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. म्हणून उथळ कुंडीत मुळांना कोरडी जागा कमी उरते. बारीक मातीतील पाणी, ती संपृक्त होईपर्यंत, खालच्या जाड खडीत उतरत नाही. परिणामी खडी चिंब पट्टा काढून टाकत नाही, तर वर उचलते. छिद्रावर माती अडविण्यापुरती एक खापरी पुरे.

उपाय मिश्रणात आहे. काळ्या मातीत मूठभर वाळू घालून भागत नाही. ती पोकळ्यांतच सामावून जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते काळी माती एक तृतीयांशाहून अधिक नसावी व उर्वरित भाग कुजलेला पालापाचोळा, शेणखत आणि विटांचे बारीक तुकडे यांचा असावा. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलविलेली बाग स्वयंपाकघरातील ओला कचरा व पालापाचोळा यांच्या खतावर उभी राहिली, हे येथे लक्षणीय आहे. अशा मिश्रणाचा भार गच्चीवरही कमी पडतो.

पाणी केव्हा व किती :
रोज एक तांब्या हा नियम सोयीचा असला तरी शास्त्रीय नाही. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. ओल लागल्यास पाणी देऊ नये. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही बाष्पीभवन होते, त्यामुळे ती प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते. फटी पडलेल्या कुंडीस थोड्या थोड्या वेळाने दोन-तीनदा पाणी द्यावे. लहान कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवून ठेवल्यास पाणीही वाया जात नाही. टंचाईच्या दिवसांत हा मुद्दा गौण नाही.

पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून टाकावी व कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवावी. बशी ठेवावयाचीच असल्यास आठवड्यातून एकदा रिती करून कडा घासाव्यात; डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटतात व कोरड्या बशीतही कित्येक महिने जिवंत राहतात.