सारख्या कुंड्यांतली वेगळी आमरी

अलिबागच्या वाटेवर चोंढी, झिराड, किहीमचा पट्टा लागला की रस्त्याकडेला रोपवाटिका दिसू लागतात. सोनचाफा, बोगनवेल, नारळ-सुपारीची रोपं आणि त्यांच्या मागे हिरव्या जाळीच्या सावलीत ऑर्किडचं टेबल. त्यावर पांढऱ्या आणि गुलाबी फॅलेनॉप्सिस, जांभळ्या डेंड्रोबियम, वर तारेला टांगलेल्या व्हॅन्डा. पनवेलच्या मॉलमध्येही हीच झाडं, त्याच रंगांत. एका जातीच्या दहा कुंड्या शेजारी ठेवल्या तर पानाच्या रुंदीपासून पाकळीवरच्या शिरेपर्यंत त्या सारख्या दिसतात.

तरीही ऑर्किडचा जाणकार या टेबलापाशी बराच वेळ घालवतो. प्रत्येक फूल हलक्या हाताने वळवून पाहतो, पानं उलटतो, नावाच्या पट्ट्या वाचतो. बाजारासाठी लाखांनी तयार होणाऱ्या रोपांत मधूनच एखादं वेगळं निघतं. कधी फुलाला एकाऐवजी तीन ओठ असतात, कधी बारीक ठिपक्यांच्या जागी मोठे डाग, तर कधी नावाच्या पट्टीशी काहीही संबंध नसलेली निराळीच जात. हे वेगळेपण कुठून आलं, ते टिकेल का, आणि त्यात आनंद मानावा की सावध व्हावं, हे विज्ञानाच्या आधाराने बरंचसं सांगता येतं. त्यासाठी आधी ही रोपं एकसारखी होतात कशी, ते पाहायला हवं.

बाटलीतलं पीक

ऑर्किडचं, म्हणजे आपल्या आमरीचं, बी धुळीइतकं बारीक असतं. एका बोंडात लाखो बिया मावतात, पण अंकुराला पोसणारा अन्नसाठा त्यांच्यात नसतो. रानात हे बी ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे नातं ओळखलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नुडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, हे बी रुजवून दाखवलं आणि ऑर्किड काचेच्या बाटलीत वाढू लागलं.

बियांपासून झालेली रोपं मात्र सख्ख्या भावंडांसारखी वेगवेगळी निघतात. एकसारखेपणा आला तो १९६० मध्ये. जॉर्ज मोरेल हे फ्रेंच शास्त्रज्ञ सिम्बिडियम ऑर्किडची विषाणूमुक्त रोपं मिळवण्याच्या प्रयत्नात होते. कोंबाच्या टोकाचा अगदी सूक्ष्म भाग काढून त्यांनी तो पोषक माध्यमात वाढवला. त्यातून हिरव्या गाठी तयार झाल्या. त्या गाठी कापून पुन्हा वाढवल्या की आणखी गाठी, आणि प्रत्येकीतून मूळ झाडासारखंच रोप. एका निवडक झाडाची हजारो रोपं करण्याची वाट इथे मोकळी झाली. श्रीमंतांच्या काचघरातलं फूल मॉलच्या फडताळावर आलं ते या तंत्रामुळे.

महाराष्ट्राला हे तंत्र केळीमुळे चांगलं परिचयाचं आहे. जळगावच्या शेतकऱ्याला टिश्यू कल्चर म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. त्या बागांमध्येही अधूनमधून एखादं खुजं किंवा पानाची ठेवण बदललेलं झाड निघतं आणि शेतकरी ते उपटून टाकतो. ऑर्किडच्या बाबतीत असं झाड कुणी उपटत नाही. ते जपलं जातं आणि क्वचित त्याला स्वतंत्र नावही मिळतं.

नक्कल जिथे चुकते

ऊतिसंवर्धनात, म्हणजेच टिश्यू कल्चरमध्ये, पेशींना संप्रेरकं देऊन पुन्हा पुन्हा विभागायला लावलं जातं. या घाईत काही पेशींमध्ये गुणसूत्रांची संख्या बदलते, काहींत डीएनएचा एखादा तुकडा जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतो. काहींत डीएनए जसाच्या तसा राहतो, पण कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा पुसल्या जातात. ऑस्ट्रेलियाच्या लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये या प्रकाराला सोमाक्लोनल व्हेरिएशन असं नाव दिलं. एकाच ऊतीपासून कापून वाढवण्याच्या जितक्या जास्त फेऱ्या काढाव्यात, तितकी वेगळं रोप निघण्याची शक्यता वाढते. म्हणून काटेकोर प्रयोगशाळा ठरावीक फेऱ्यांनंतर पुन्हा मूळ झाडाकडे वळतात.

याचं गाजलेलं उदाहरण तैवानचं आहे. तिथल्या एका रोपवाटिकेने १९८३ मध्ये ‘गोल्डन पीओकर’ नावाचा फॅलेनॉप्सिसचा संकर नोंदवला. फिक्या फुलावर बारीक तांबडे ठिपके, असं त्याचं रूप. त्यातल्या ‘ब्रदर’ या निवडक झाडाची ऊतिसंवर्धनाने रोपं केली, तेव्हा काही रोपांवर ठिपके एकमेकांत मिसळून मोठे, गडद डाग उमटले. नेहमीच्या हिशेबाने हा बिघाड होता. पण ही झाडं पुढच्या संकरासाठी वापरल्यावर डाग संततीतही उतरले आणि ‘हार्लेक्विन’ म्हणून ओळखला जाणारा नवा गट उभा राहिला. आज बाजारात पांढऱ्या पाकळीवर शाई सांडल्यासारखे वाइनरंगी डाग असलेली फॅलेनॉप्सिस दिसली, तर तिच्या पूर्वजांत या झाडांपैकी एखादं असण्याची दाट शक्यता आहे.

तीन ओठांच्या फुलाची गोष्ट याहूनही रंजक. ऑर्किडच्या फुलात तीन निदलं आणि तीन पाकळ्या असतात. तिसरी पाकळी रूप बदलून ओठ होते. कीटक उतरतो तो याच ओठावर. तैवानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की फुलात प्रथिनांचे दोन गट काम करतात, एक निदलं आणि पाकळ्या घडवतो, दुसरा ओठ. दुसऱ्या गटाचं काम थांबवलं तेव्हा ओठाच्या जागी साध्या पाकळीसारखा भाग आला. याच्या उलट, ओठ घडवणारा गट बाजूच्या दोन पाकळ्यांत जागा झाला तर त्यांनाही ओठाचं रूप येऊ लागतं. क्लोन केलेल्या रोपांत असा बदल अधूनमधून आढळतो.

ही प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचं कूळ ऑर्किडपुरतं मर्यादित नाही. तेलताडाच्या क्लोन रोपांना विकृत फळं येऊन तेलाचं उत्पादन घटत असे. मलेशियातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्येच त्याचं मूळ शोधलं, ते याच कुळातल्या एका जनुकात. त्या जनुकात शिरलेल्या डीएनएच्या तुकड्यावरची रासायनिक खूण ऊतिसंवर्धनात पुसली गेली होती. तेलताडाच्या मळ्यात ज्या प्रकारच्या बदलाने नुकसान होतं, त्याच प्रकारचा बदल ऑर्किडच्या टेबलावर कौतुकाचा विषय होतो.

आजार की नवलाई?

वेगळं दिसणारं प्रत्येक फूल मात्र घरी आणण्याजोगं नसतं. पाकळीवर वेड्यावाकड्या फिक्या-गडद रेघा, रंगाचे तुटक पट्टे, पानावर खोलगट काळसर चट्टे किंवा वलयं दिसली तर विषाणूचा संशय घ्यावा. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या ऑर्किडबागांना छळतात. दोन्ही कात्रीच्या पात्यावरून, रसातून पसरतात आणि झाडात शिरल्यावर त्यांच्यावर औषध नाही. जनुकीय बदलाचं फूल बहुधा नीटनेटकं असतं. डाग डाव्या-उजव्या बाजूंना तोलात, आणि दांड्यावरच्या सगळ्या फुलांत साधारण सारखे. विषाणूच्या खुणांना असा तोल नसतो. संशयित झाड वेगळं ठेवावं आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं ज्वाळेवर तापवून घ्यावं.

गडद निळ्या फॅलेनॉप्सिसची गोष्ट निराळी. दुकानातला तो निळा रंग दांड्यात टोचून चढवलेला असतो. अमेरिकेत अशी रंगवलेली झाडं २०११ पासून मोठ्या प्रमाणावर विकली जाऊ लागली. पुढचा दांडा आला की फुलं पांढरीच निघतात. जपानच्या चिबा विद्यापीठात आपल्याकडच्या केन्याच्या जवळच्या नात्यातल्या एका वनस्पतीचं जनुक घालून खरी निळी फॅलेनॉप्सिस तयार झाली आहे, पण तिचा आणि नर्सरीतल्या या निळ्या कुंडीचा संबंध नाही.

पानांवरून ओळख

आपल्याकडच्या बऱ्याच कुंड्यांवर नुसतं ‘ऑर्किड’ एवढंच लिहिलेलं असतं. अशा वेळी झाडच वाचावं लागतं. फॅलेनॉप्सिसच्या पानावर चंदेरी-करड्या छटांचं जाळं दिसलं तर त्यात फिलिपिन्सच्या शिलेरियाना किंवा स्टुअर्टियाना या रानजातींचा वारसा असतो. फांद्या फुटलेल्या दांड्यावर बारीक फुलांची दाटी असेल तर इक्वेस्ट्रिसचा. फुलं थोडी, मेणासारखी जाड आणि गोड वासाची असतील तर बेलिना किंवा व्हायोलेशिया या जातींकडे बोट जातं. चपट्या कांद्यासारख्या फुगीर बुंध्याच्या ऑन्सिडियमला चॉकलेटचा वास आला तर ती १९८३ मध्ये नोंदवलेली ‘शॅरी बेबी’ असण्याची शक्यता मोठी. संकरांच्या नोंदी ठेवण्याचं काम फ्रेडरिक सँडर यांनी १९०६ मध्ये सुरू केलं आणि १९६१ पासून ते इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करते. त्या यादीत आज एक लाखाहून कितीतरी अधिक नावं आहेत. पट्टीवर संकराचं खरं नाव असेल तर त्याच्या आईबापांपासून थेट रानातल्या पूर्वजांपर्यंत मागे जाता येतं.

किनाऱ्याची हवा आणि आंब्यावरची आजी

रायगडच्या किनाऱ्यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते: फॅलेनॉप्सिस आणली तेव्हा फुललेली होती, नंतर नुसती पानंच येत राहिली. दोष बहुतेक वेळा खताचा नसतो. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढायला काही आठवडे दिवसाचं तापमान साधारण २५-२६ अंशांच्या आसपास किंवा खाली लागतं. ते २८ अंशांच्या वर राहिलं तर दांडा थांबतो. अलिबाग-मुरूडला जानेवारीतही दुपारी पारा तिशीपर्यंत जातो. रोपवाटिकेत ती फुललेली असते, कारण तिला थंड हरितगृहात तयार केलेलं असतं. डेंड्रोबियमचे बाजारी संकर आणि व्हॅन्डा यांना मात्र ही दमट, उष्ण हवा मानवते. वेगळं झाड शोधून ते पुन्हा फुललेलं पाहायचं असेल तर या किनाऱ्यावर नजर तिकडे वळवावी.

व्हॅन्डांच्या गर्दीत एक नाव शोधण्याजोगं आहे, ‘मिमी पामर’. १९६३ मध्ये नोंदवलेला हा संकर त्याच्या दाट सुगंधासाठी आग्नेय आशियात प्रसिद्ध आहे. त्याच्या आईबापांपैकी एक आहे व्हॅन्डा टेसेलाटा, आपल्याकडे रास्ना या नावानेही ओळखली जाणारी. पिवळट-तपकिरी चौकटींच्या पाकळ्या आणि निळसर जांभळा ओठ असलेली ही आमरी कोकणात जुन्या आंब्यांच्या फांद्यांवर वाढते. दूरच्या रोपवाटिकेतून आलेल्या टोपलीत अशा रीतीने आपल्याच झाडावरच्या आमरीचं रक्त असू शकतं.

त्या आंब्यांवर रास्नेला सोबतही चांगली असते. सीतेची वेणी मे-जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब तुरे सोडते. डेंड्रोबियम बार्बाटुलम हिवाळ्याच्या शेवटी, पानं गळलेल्या कांड्यांवर पांढरी फुलं आणते. एरिडिस मॅक्युलोसा पावसाच्या तोंडावर फुलते. मुंबई इलाख्यातल्या आमरींचा अभ्यास ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी केला, आणि पुढे फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांचं त्यावरचं पुस्तक १९६६ मध्ये निघालं. मुरूडजवळचं फणसाड, जंजिऱ्याच्या नवाबांचं जुनं शिकारीचं रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि तिथल्या झाडांवरच्या आमरींनाही संरक्षण मिळालं. अभयारण्यातून वनस्पती काढणं हा गुन्हा आहे. सगळीच ऑर्किड ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने त्यांची देशाबाहेरची ने-आण नियंत्रित आहे. म्हणून विकायला ठेवलेल्या झाडाच्या मुळांना झाडाची साल, शेवाळ किंवा तुटलेल्या ढलप्या चिकटलेल्या दिसल्या आणि पानं एका बाजूने उन्हाने करपलेली असली, तर ते रानातून ओरबाडलेलं असू शकतं. असं झाड कितीही दुर्मीळ दिसलं तरी घेऊ नये. मागणी थांबली तरच फांद्या शाबूत राहतील.

वाड्यांमध्ये आणखी एक नुकसान नकळत होतं. आमरीला बांडगूळ समजून आंब्यावरून खरवडून काढतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. आमरी फांदीचा फक्त आधार घेते. तिच्या मुळांवरचं पांढरं, स्पंजासारखं आवरण पावसाचं आणि धुक्याचं पाणी टिपतं आणि तेवढ्यावर तिचं भागतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं तेव्हा या पट्ट्यात झाडांची मोठी पडझड झाली. जुना आंबा कोसळला की त्याच्यावरच्या आमरीही जमिनीवर येतात आणि महिन्याभरात कुजतात. वाडीत असं झाड पडलं तर लाकूड कापायच्या आधी त्या अलगद सोडवून शेजारच्या जिवंत झाडाला काथ्याने बांधता येतात. पावसाच्या तोंडाशी बांधलेल्या आमरीची नवी मुळं सालीला लवकर धरतात.

रोपवाटिकेतून आणलेल्या व्हॅन्डाचंही हेच. टोपलीत नारळाच्या सोडणाचे तुकडे घालून ती टांगावी, किंवा मे अखेरीस आंब्याच्या उगवतीच्या बाजूला बांधावी. नावाची पट्टी फेकू नये, पहिल्या फुलाचा फोटो तारखेसकट ठेवावा. तीन ओठांचं किंवा मोठ्या डागांचं फूल आलं असेल तर पुढच्या बहाराची वाट पाहावी. बाटलीतल्या वाढीतून आलेले काही बदल झाड मोठं झाल्यावर नाहीसे होतात, काही कायम राहतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या बहारालाही फूल तसंच आलं, तर जवळच्या कृषी महाविद्यालयातल्या किंवा वनस्पतिशास्त्र विभागातल्या अभ्यासकांना ते दाखवावं.