कलम तीन आणि गडचिरोली

गडचिरोलीतल्या संघर्षाला सरकार यादवी म्हणत नाही. अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न म्हणते. यादवी म्हटले, तर बंडखोरांना मान्यता मिळेल ही धास्ती. मला ती अनाठायी वाटते. १९४९च्या चारही जिनिव्हा करारांतले सामाईक कलम ३ देशांतर्गत सशस्त्र संघर्षात निःशस्त्रांची हत्या, छळ, ओलीस ठेवणे दोन्ही बाजूंना मना करते. त्याने कोणाचाही कायदेशीर दर्जा बदलत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. भारताने हे करार १९५०मध्ये स्वीकारले. तरी भामरागड-एटापल्लीत ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून माओवाद्यांनी आदिवासींना मारले. ऑक्टोबर २०२५मध्ये भूपतीने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्या मृतांना ‘खबऱ्या’ नव्हे, ‘नागरिक’ म्हणणे अजून बाकी आहे.