अंगठा बदलता येत नाही

गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या खात्यातून दोन दिवसांत वीस हजार रुपये गेले. तिने कोणाला ओटीपी सांगितला नव्हता. कार्ड तर तिच्याकडे नाहीच, आणि फोन साधा, बटणांचा. बँकेत गेल्यावर कळले, की पैसे आधार क्रमांक आणि अंगठा वापरून काढले आहेत. "अरे, पण अंगठा तर माझ्याच हाताला आहे ना?" हा तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

गावातल्या बँक प्रतिनिधीकडे पैसे काढताना तीनच गोष्टी लागतात : बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. पिन नको, ओटीपी नको. शाखा लांब असलेल्या गावात ही सोय फार मोलाची. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र बँकेचे नाव अंदाजाने सापडते आणि आधार क्रमांक आपण झेरॉक्स काढून गावभर वाटलेला असतो. राहिला ठसा.

तो जमिनीच्या दस्तात असतो. 1908च्या नोंदणी कायद्यात 2001 साली कलम 32अ आले. तोतयाने जमीन विकू नये म्हणून दस्तावर फोटो आणि ठसे घेणे सक्तीचे झाले. त्याच कायद्याचे कलम 57 सांगते, की अशा दस्तांच्या नोंदी फी भरून कोणालाही पाहता येतात. एकच जमीन दोघांना विकली जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पण हा कायदा झाला तेव्हा बघणाऱ्याला कचेरीत जाऊन कारकुनासमोर उभे राहावे लागे. दस्त संकेतस्थळावर चढले आणि ती आडकाठी गेली. तेलंगणात 2018 साली एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांतून ठसे उचलले, त्यांचे रबरी साचे केले आणि हजारो सिमकार्डे सुरू केली. पुढे हीच युक्ती बँक खात्यांवर वापरल्याचे गुन्हे अनेक राज्यांत नोंदले गेले.

मावशीने दोन वर्षांपूर्वी आठ गुंठे विकले होते. ठसा तिथूनच गेला, असे छातीठोकपणे म्हणणार नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठ्याचे तसे नाही, एवढे मात्र खरे.

पैसे परत मिळवताना वेगळाच पेच. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची अशा प्रकरणात, बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडत नाही. मावशीला संदेश आला होता, इंग्रजीत. तो कोणाकडून तरी वाचून घेईपर्यंत दहा दिवस उलटले. (1930 हा क्रमांक तेव्हा घरात कोणालाच ठाऊक नव्हता.)

आधारच्या झेरॉक्स वाटू नका, शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्या, असा सल्ला आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने मे 2022मध्ये दिला होता. गैरसमज होईल म्हणून केंद्राने तो दोन दिवसांत मागे घेतला. सल्ला चांगलाच होता, असे माझे मत.

मी मावशीचे बायोमेट्रिक कुलूपबंद केले. आधारच्या ॲपवर ते फुकट होते. आता कोणी अंगठा लावला तरी यंत्र नाकारते. अर्थात रेशन दुकानातलेही. म्हणून दर महिन्याला ती रांगेतून फोन करते, मी काही मिनिटांपुरते कुलूप उघडतो. त्यासाठीचा ओटीपी तिच्या फोनवर येतो, आणि ती तो शेजारणीकडून वाचून घेऊन, भर रांगेत, मोठ्याने मला सांगते.