शिल्लक शून्य
(लेखमाला ‘उठलेली गावं’ : भाग सातवा)

नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९च्या डिसेंबरात दिलेल्या निवाड्यात, धरणामुळे उठणाऱ्या गावाला नव्या जागी काय काय द्यायचं याची यादीच आहे. दर शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा. दर पाचशे कुटुंबांमागे पंचायतघर, दवाखाना, बियाण्याचं कोठार, मुलांची बाग आणि तळं. दर पन्नास कुटुंबांमागे एक विहीर, शेजारी गुरांसाठी हौद. आणि दर पन्नास कुटुंबांमागे झाडाभोवती बांधलेला एक पार! सरकारी कागदात पार सापडला की कुणालाही बरं वाटेल. संध्याकाळी टेकायला गावाला जागा लागते, एवढं तरी कुणाच्या ध्यानात आलं. पण पार यादीत आला तो मोजता येतो म्हणून. त्यावर बसणारे एकाच मूळगावचे आहेत की चार गावांतून आणून एकत्र बसवलेले, लग्नकार्याला एकमेकांकडे जातात की नाही, भांडण झालं तर निवाडा करायला कुणापुढे जातात, यासाठी त्या यादीत रकाना नाही.

मागच्या आठवड्यात मोबदला कसा ठरतो ते पाहिलं. आता त्यापुढचा आणि जास्त अवघड प्रश्न : पुनर्वसन ‘झालं’ असं कधी म्हणायचं आणि कुणी म्हणायचं? उदाहरण आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातलं घेऊ. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या बुडितात एकूण २४५ गावं येतात. त्यांतली १९३ मध्य प्रदेशातली, १९ गुजरातमधली आणि ३३ महाराष्ट्रातली. आपली सगळी गावं अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली, सातपुड्याच्या उतारावर, भिल्ल-पावरा वस्तीची. धरणाच्या भिंतीकडून येताना महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली.

या धरणात मोजमापाला एक वेगळंच वजन होतं. निवाड्यातली अट अशी की आधी माणसं बसवायची, मगच जमीन बुडवायची. पाणी चढण्याआधी किमान सहा महिने पुनर्वसन पुरं झालेलं हवं, असं सर्वोच्च न्यायालयानेही पुढे बजावलं. त्यामुळे भिंत वाढवायची तर तेवढ्या उंचीपर्यंतच्या बाधितांचं पुनर्वसन झाल्याचा अहवाल लागायचा. ८० मीटरच्या आसपास अडलेली भिंत १९९९मध्ये ८५ला गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०००च्या निकालानंतर ती टप्प्याटप्प्याने ९०, ९५, १००, ११०.६४ आणि २००६मध्ये १२१.९२ मीटरवर पोचली. जून २०१४मध्ये १३८.६८ मीटरची परवानगी मिळाली, जून २०१७मध्ये दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९मध्ये जलाशय काठोकाठ भरला. या प्रत्येक आकड्यामागे ‘यांचं झालं’ असं सांगणारा कागद आहे. तो लिहिणाऱ्या खात्याला भिंतही हवी होती. परीक्षार्थीनेच स्वतःचा पेपर तपासावा तसा हा प्रकार, आणि त्यातून ‘शिल्लक शून्य’, म्हणजे बसवायचं कुणीच उरलं नाही, हा शब्दप्रयोग रूढ झाला.

शून्य किती खरं होतं, हे शेजारच्या मध्य प्रदेशात कळलं. तिथे शिल्लक शून्य असल्याचं सांगितलं जात होतं. तरी ८ फेब्रुवारी २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये द्यायला लावले, आणि आणखी १,३५८ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख. महाराष्ट्राचं चित्र जरा बरं. इथे सरकारने २००१मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांची समिती नेमली आणि तिने पुनर्वसन अपुरं असल्याचं स्पष्ट सांगितलं. त्यानंतर अधिकारी आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते एकत्र पाहणीला बसले. त्यातून गावोगावची ‘अघोषित’ कुटुंबं बाहेर आली. घोषित आणि अघोषित हे शब्द त्या पट्ट्यात आजही जातीच्या दाखल्यासारखे वापरले जातात. घोषित म्हणजे प्रकल्पग्रस्तांच्या यादीत नाव असलेला. अघोषित म्हणजे घर-शेत तितकंच बुडालेलं, पण यादीत नसलेला. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जमीन वनखात्याच्या नावे, म्हणून सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून सरकारदरबारी तो फक्त अतिक्रमणदार. ज्याचं नाव यादीतच नाही, तो शिल्लक तरी कसा राहणार?

जगभरात यावर विचार झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदत संस्थांच्या स्थायी समितीने २०१०मध्ये देशांतर्गत विस्थापितांसाठी आठ कसोट्या ठरवल्या : सुरक्षितता, राहणीमान, रोजगार, घर-जमीन, कागदपत्रं, ताटातूट झालेल्यांची भेट, सार्वजनिक व्यवहारात भाग आणि न्याय. त्यामागचं सूत्र साधं आहे. विस्थापित झाल्यामुळेच जी गरज किंवा जी अडचण उभी राहिली, ती उरली नाही की विस्थापन संपलं. माणूस तरीही गरीब असू शकेल. पण त्याच्या गरिबीचं कारण ‘उठवला गेला’ हे नसावं. धरणाच्या बाबतीत मूळगावी परत जाण्याचा पर्याय पाण्याखालीच असतो, त्यामुळे या कसोट्या जास्तच कडकपणे लावायला हव्यात.

रोजगाराचंच घ्या. निवाड्याप्रमाणे बुडालेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि ती किमान दोन हेक्टर. भारतातल्या धरणांच्या इतिहासात ही मोठीच तरतूद होती. कोयनेच्या खातेदारांच्या नशिबी असं काही लेखी नव्हतं. पण डोंगरातल्या घराचं पोट एकट्या शेतावर भरत नव्हतं. उतारावर ज्वारी, मका, तूर एकाच वावरात. बाकी मोहाची फुलं, डिंक, चारोळी, नदीतले मासे, आणि चराईला अख्खा डोंगर मोकळा. पुनर्वसनात तळोद्याच्या सपाटीवर आल्यावर सातबारा हातात आला, पण सरपणही विकत किंवा चोरून. गुरं चारायला गायरान नाही, म्हणून शेळ्या विकल्या. खत, बियाणं, मोटारीचं वीजबिल हे खर्च डोंगरात कुणी पाहिलेच नव्हते. समाजशास्त्रज्ञ मायकल सर्निया यांनी विस्थापनातून येणाऱ्या दारिद्र्याची जी आठ कारणं मांडली, त्यांत सामायिक साधनं गमावणं हे स्वतंत्र कारण आहे. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात मात्र डोंगराची चराई कुणाच्याच नावे नसते, त्यामुळे ती गमावल्याची नोंदही होत नाही.

आता या गोष्टीतली सगळ्यात दुर्लक्षित बाजू. महाराष्ट्राकडे द्यायला जमीन नव्हती. तळोद्याच्या सपाटीवरची चांगली जमीन खासगी, ती विकत घ्यायची म्हणजे पैसा आणि इच्छा दोन्ही हवं. मग तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर जंगल मोकळं केलं गेलं, आणि सोमावल, रोझवा या वसाहती तिथे उभ्या राहिल्या. फक्त ते जंगल रिकामं नव्हतं. आसपासच्या पाड्यांतले आदिवासी त्याचे तुकडे कसत होते, गुरं चारत होते, लाकूडफाटा आणत होते. तेही भिल्लच, आणि तेही सरकारच्या लेखी अतिक्रमणदार. एका अतिक्रमणदाराला हुसकावून दुसऱ्याला बसवलं गेलं, आणि ज्या दोघांनी एकमेकांच्या बाजूने उभं राहायचं ते बांधावर काठ्या घेऊन उभे राहिले. नंतर २००६मध्ये वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जो वनजमीन कसतो त्याचा हक्क त्याने मान्य केला. तळोद्याच्या ज्या तुकड्यांवर तोवर वसाहतीचे प्लॉट पडले होते, त्यांच्या आधीच्या कसणाऱ्यांनी कोणत्या जमिनीवर दावा सांगायचा?

निवाड्यातल्या सोयींच्या यादीत या यजमान पाड्यांसाठी काही नाही. नव्या वसाहतीत शाळेच्या तीन खोल्या आणि विहीर. हाकेच्या अंतरावरच्या पाड्याला तेही नाही, उलट चराई गेली. युगांडात निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला ३० टक्के वाटा आधीपासून राहणाऱ्या स्थानिकांसाठी ठेवायचा असं धोरण आहे. पैसे पुरत नाहीत ही तक्रार तिथेही आहेच. तरी यजमान हा हिशेबातला माणूस आहे, हे तिथे कागदावर तरी मान्य झालं. आपल्याकडे त्याला हिशेबात घ्यायला एक विहीर आणि थोडी राखीव कुरणजमीन पुरली असती असं मला वाटतं. पण विचारायचं कुणाला हेच ठरलेलं नव्हतं.

जे मूळगावीच वर सरकून राहिले, त्यांची मोजणी आणखी निराळी. पाण्याने वेढलेल्या टेकड्यांवरच्या या पाड्यांना दवाखाना मिळाला तो होडीतला. नंदुरबार जिल्ह्याचे तरंगते दवाखाने काठावरच्या गावांना औषधं पुरवतात. २०२०च्या टाळेबंदीत चिमलखेडीची अंगणवाडी सेविका स्वतः नाव वल्हवत बाळांना आणि गरोदर बायकांना आहार पोचवत होती, तेव्हा वृत्तपत्रांनी तिचं कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. सरकारी तक्त्यात मात्र तेवढ्याने ‘आरोग्यसेवा उपलब्ध’ या रकान्यात खूण होते.

मोजमाप कुणी करावं, याचा एक धडा याच प्रकल्पात आहे. जागतिक बँकेच्या अटीमुळे महाराष्ट्रातल्या पुनर्वसनावर नजर ठेवण्याचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे आलं. बाहेरच्या संस्थेने वर्षानुवर्षं त्याच वसाहतींत जाऊन बघत राहायचं, ही कल्पना उत्तम. बँक १९९३मध्ये प्रकल्पातून बाहेर पडली. त्यानंतर अहवालाची जरुरी ज्यांना होती ते भिंत बांधणारेच उरले. भिंत पुरी झाल्यावर तर मोजण्याची घाईही संपली, आणि पुनर्वसन खरोखर कसं झालं हे कळायला सुरुवात होते ती नेमकी तेव्हापासून.

कारण दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. तीन मुलगे असतील तर प्रत्येकी पावणेदोन एकरही येत नाही. ठरलेल्या तारखेला जो सज्ञान होता तो स्वतंत्र खातेदार. त्याचा धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात, म्हणून तो बापाच्या पाच एकरांतला वाटेकरी. आज त्या धाकट्याची मुलं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाऊ लागली, तर त्यांचं नाव स्थलांतरित मजुरांच्या यादीत जाईल. त्यांच्या आजोबांच्या नावापुढे ‘पुनर्वसन पूर्ण’ लिहिलेलं असेल, आणि दोन्ही नोंदी आपापल्या दप्तरात अगदी बरोबर असतील.

(पुढील भागात : कोयनेचे खातेदार आणि व्याघ्रप्रकल्प)